पायरीवर बसलेला विजय: हिंदी सिनेमात देव मानणं आणि नीट वागणं

तिकटीकर (शुक्रवार, रात्री १०.१५)

आज आईला घेऊन अंबाबाईला गेले होते. महाद्वाराशी चपला काढताना पाय थांबले, कारण बाबा तिथंच थांबायचे. दर शुक्रवारी आई आत आणि बाबा बाहेर पायरीच्या कडेला, मांडीवर आईची पिशवी. नवरात्र असो की किरणोत्सव, ते आत गेले नाहीत. बाबा एका टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. १९७५ साली 'दीवार' लागला आणि सोबतच्या लोकांनी त्यांचं नाव 'विजय' ठेवलं. ते शेवटपर्यंत टिकलं.

त्याच वर्षीचा 'जय संतोषी माँ'. आई सांगते, बायका टॉकीजबाहेर चपला काढून अनवाणी आत यायच्या, आरती लागली की उभ्या राहायच्या, पडद्याच्या दिशेनं फुलं नि पैसे टाकायच्या. शो सुटला की बाबा बॅटरी घेऊन खुर्च्यांखाली वाकायचे. चौकोनी पाच पैसे, नागमोडी कडांचे दहा पैसे, मधूनच एखादी पावली. सगळं एका बिस्किटाच्या डब्यात. शेवटचा शो सुटेस्तोवर बुकिंगची खिडकी बंद झालेली असायची, म्हणून डबा रात्री घरी यायचा आणि सकाळी मोजून मॅनेजरकडे जायचा.

बाबांचा एक जोडीदार होता, गळ्यात माळ, एकादशी न चुकवणारा. तो म्हणायचा, "देवीचा प्रसाद हाय, टाक खिशात." त्यावर बाबा म्हणाले होते, "मी देवी मानत न्हाई. पर ज्यांनी टाकलं ते मानत्यात. त्यांनी तिला दिलंय, मला न्हाई."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. माझा प्रश्न त्यावरूनच आहे. बाबांसारखा माणूस हिंदी सिनेमात शेवटपर्यंत तसाच का राहू शकत नाही? 'दीवार'मधला विजय देवळात जात नाही आणि तो स्मगलरही होतो. जणू एकातूनच दुसरं आलं. शेवटी आई आजारी पडते आणि त्याला पायऱ्या चढाव्याच लागतात. १९५४ चा 'नास्तिक' घ्या, फाळणीत सगळं गमावलेला नायक देवावर चिडतो आणि अखेर वळतो. १९८३ चा त्याच नावाचा अमिताभचा सिनेमा घ्या, तिथंही श्रद्धा परत येतेच. 'ओह माय गॉड'मध्ये तर देवावर खटला भरणाऱ्या कांजीभाईच्या घरी खुद्द कृष्ण राहायला येतो. न मानता नीट जगलेला माणूस आपल्या सिनेमाला बघवत नाही का?

मनापासून विचारतेय. जाणकारांनी लिहावं.

---

चांगभलं (शुक्रवार, रात्री ११.०२)

ताई, बाबांची गोष्ट वाचून गलबलून आलं. पण विजयबद्दल तुमचं जरा चुकतंय असं मला वाटतं. मी जोतिबाच्या डोंगराखालच्या गावातला, दर चैत्राला गुलाल अंगावर घेणारा माणूस आहे, त्यामुळं माझी बाजू आधीच सांगून टाकतो.

विजय नास्तिक न्हाईच. तो रुसलाय. नास्तिक माणसाला देवळाच्या पायरीशी बसायचं कारणच काय? तो लांबच्या चहाच्या गाडीवर थांबला असता. हा पायरीपाशी बसतो, आईची वाट बघतो, म्हणजे नातं तुटलेलं न्हाई, अबोला हाय. शेवटी देवळात येतो तेव्हाही हात जोडून येत न्हाई, भांडतच येतो. आज तू खूश असशील, असं देवाला तोंडावर म्हणतो. आपल्याकडं तर हे घरचंच हाय की. नामदेवांनी, जनाबाईनी विठ्ठलाला काय कमी सुनावलंय? प्रभातच्या 'संत तुकाराम'मधली जिजाई आठवा. संसार तिच्या अंगावर पडलेला, ती सरळ देवळात शिरते आणि विठोबाला जाब विचारते. तिला कोण नास्तिक म्हणतं?

आणि ७८६ चा बिल्ला? मुसलमानांत हा आकडा पवित्र मानतात. तो बिल्ला विजय जिवापाड जपतो. गोदीतल्या एका मुसलमान हमालानं सांगितलं म्हणून जपतो. हातातून बिल्ला सुटतो आणि मग गोळी लागते. न मानणारा माणूस असा वागत न्हाई.

---

दसरा चौक (शनिवार, सकाळी ७.४०)

चांगभलं, रुसवा पटला. पण 'दीवार'मधला नीतीचा प्रश्न देवळात सुटतच नाही, तो एका खोलीत सुटतो, त्याकडं कुणी बघत नाही.

विजयचा पोलीस भाऊ रवी पळणाऱ्या एका पोराच्या पायावर गोळी झाडतो. जवळ जाऊन बघतो तर पोरानं पाव चोरलेला. रवीला ते सहन होत नाही, तो खायचं घेऊन त्या घरी जातो. आई त्याच्यावर तुटून पडते, मोठे चोर सोडून माझ्या लेकराला गोळी घातलीस म्हणून. आणि तिथं बाप आहे, ए. के. हंगल, निवृत्त मास्तर. तो बायकोला थांबवतो. चोरी लाखाची असो की पावाची, चोरी ती चोरीच, एवढंच त्याचं म्हणणं. स्वतःच्या पोराच्या पायात गोळी असताना. रवी विचारतो, काय करता आपण, आणि उत्तर कळल्यावर म्हणतो की अशी शिकवण शिक्षकाच्याच घरी मिळायची. तिथून उठून तो भावाची केस हातात घेतो.

त्या खोलीत आरती नाही, घंटा नाही. उपाशी घर आणि मास्तर. लेखक सलीम-जावेदनी सिनेमाचा कणा तिथं ठेवलाय. मी स्वतः ३१ वर्षं शाळेत शिकवलं, दर वर्षी कुठल्यातरी वर्गात हा प्रसंग सांगितला. आईच्या देवळापेक्षा मला हंगलची ती खोली जास्त पवित्र वाटते, कुणाला राग आला तरी चालेल.

---

गुजरीतला काटा (शनिवार, दुपारी १.१०)

सिनेमातलं फार कळत नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहितो. आमचं गुजरीत छोटं सराफी दुकान, तिसरी पिढी. सकाळी शटर उघडलं की आधी काट्याची पूजा. हळद, कुंकू, एक फूल. त्यानंतर बोहनी. वडील सांगायचे, काट्याला सकाळी हात जोडलेत ना, मग दिवसभर त्याच हातानं त्याला फसवायचं नाही.

आता काटा इलेक्ट्रॉनिक झाला, तरी पूजा आहे. मोडीचं सोनं घेऊन बाई येते. बहुतेक वेळा घरात आजारपण असतं किंवा पोराची फी. तिला घट किती धरायची, म्हणजे वजनातून किती वजा करायचं, हे माझ्या हातात असतं. तिला त्यातलं काही कळत नसतं. अशा वेळी मला हंगल आठवत नाही, सकाळचं कुंकू दिसतं. न मानणारा माणूस नीट वागतच नाही असं मी म्हणणार नाही, ताईंच्या बाबांना माझा नमस्कार. पण माझ्यासारख्या साध्या माणसाला काहीतरी धरायला लागतं.

---

तिकटीकर (शनिवार, दुपारी ३.२५)

दादा, किती खरं लिहिलंत. पण मग विचारते. काट्याला कुंकू लावून त्याच काट्यावर मारणारे तुमच्या बघण्यात नाहीत का?

बाबांकडे एक वही होती, लाल कापडी पाठीची. रोज डब्यात किती निघाले ते तिच्यात लिहायचे. '६-३५', '४-८०' असे आकडे, पानंच्या पानं. एका ठिकाणी नुसतं 'भर २-५०' लिहिलंय, ते मला कधी उलगडलं नाही. त्यांना हे लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. मॅनेजर तर म्हणायचा, कशाला मोजतोस. ते काय धरून होते, हे मला कळून घ्यायचंय.

---

गुजरीतला काटा (शनिवार, दुपारी ४.००)

आहेत बघण्यात. खोटं नाही बोलणार.

---

पन्हाळ्याचा पाऊस (शनिवार, रात्री ९.३०)

तिकटीकर, तुमच्या बाबांचा सिनेमा निघालेला आहे. 'सत्यकाम', १९६९, हृषिकेश मुखर्जी. धर्मेंद्रचं एवढं मोठं काम दुसरं नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाचू नका, आधी बघा.

सत्यप्रिय इंजिनीअर आहे. खोटं बोलायचं नाही, खोट्या कामावर सही करायची नाही. नोकऱ्या सुटत जातात, बदल्या होतात, घरात तंगी. हे त्याला शिकवलंय आजोबांनी. अशोक कुमार. शास्त्रं मुखोद्गत, आचार कडक, घराण्यात सत्याची परंपरा. पण त्याच सत्यप्रियनं रंजनाशी लग्न केल्यावर, जिच्यावर अत्याचार झालाय आणि जिचं मूल त्यातून झालंय, आजोबा तिला नि त्या मुलाला घरात घेत नाहीत. धर्म सगळा पाठ, आणि दारात उभी असलेली बाई दिसत नाही.

आता शेवट बघा. सत्यप्रिय कॅन्सरनं अंथरुणाला खिळलाय. मागं बायकोमुलाचं काय होणार? तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तो मोडतो आणि एका कंत्राटदाराच्या खोट्या कागदावर सही करतो. तो कागद रंजनाच्या हातात देतो. ती बघते आणि फाडून टाकते. ज्या बाईकडं उद्याच्या जेवणाची सोय नाही ती फाडते. आणि तो हसतो. मी हा प्रसंग किती वेळा पाहिला असेन, अजून घसा दाटतो.

तो गेल्यावर त्या मुलानं अग्नी का द्यायचा नाही, हे कोण सांगतं? ते लहान पोरगंच चारचौघांत सांगतं, मी त्यांचा मुलगा नाही, आईनं सांगितलंय. आजोबांच्या पायाखालची जमीन सरकते. आपण जन्मभर ज्या सत्यावर प्रवचनं दिली ते या बाईनं एवढ्याशा पोराला पाजलंय. छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकाम जाबालाची गोष्ट तीच. बाप कोण माहीत नाही असं आईनं सांगितलं, पोरानं गुरूला जसंच्या तसं सांगितलं, आणि गुरूनं जवळ घेतलं. हे सगळं आजोबांना पाठ होतं. ओळखायला मात्र त्यांना नातसुनेच्या दारात जावं लागलं.

म्हणून मला वाटतं प्रश्न देव विरुद्ध नीती असा नाहीच. पाठ असणं आणि अंगात असणं, भांडण यांच्यात आहे.

---

कागलकर (रविवार, सकाळी ८.५५)

छान चाललाय धागा. कोल्हापूरकरांनी एक विसरू नये, हा वाद आपल्या गावानं सिनेमाला फार आधी दिलाय. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी इथं सुरू झाली आणि १९३२ चा 'अयोध्येचा राजा' इथंच, मराठीत नि हिंदीत. हरिश्चंद्राची गोष्ट. फाळक्यांनी १९१३ ला सुरुवातही त्याच गोष्टीनं केली होती. त्या गोष्टीत विश्वामित्र ऋषी असून छळ करतो, आणि राजा राज्य, बायको, पोरगा सगळं जाऊ देतो पण दिलेला शब्द सोडत नाही. देव शेवटी येतात, तोवर स्मशानात तो एकटाच असतो.

पुढं आपल्याच शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ', १९५७. कथा गदिमांची, पाठीमागं औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरचा खुल्या तुरुंगाचा प्रयोग. सहा खुनी कैदी आणि एक जेलर, माळरानावर. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' आपण शाळेत प्रार्थना म्हणून म्हटलं, अजून कित्येक शाळांत म्हणतात. पण सिनेमात त्या कैद्यांना पळताना थांबवतं कोण? जेलरचे डोळे. नावातच आहे. एका माणसानं आपल्यावर विश्वास टाकला, आता त्याला तोंड कसं दाखवायचं. प्रार्थना होते ती त्या मातीत राबता राबता.

आणि 'संत तुकाराम' दामले-फत्तेलाल या जोडीचा. त्यातले साहेबमामा फत्तेलाल आपल्या भागातले, मुसलमान. तुकारामांवरचा सगळ्यात भक्तीनं भरलेला सिनेमा करताना त्यांना कुणी विचारलं नाही, तुम्ही विठ्ठल मानता का म्हणून. काम बघितलं.

---

रंकाळा_०७ (रविवार, सकाळी ११.२०)

मी इथला सगळ्यात लहान असेन बहुतेक. दोन गोष्टी.

एक, तिकटीकर ताई, 'ओह माय गॉड'चा शेवट तुम्ही अर्धाच सांगितला. लोक कांजीभाईचीच मूर्ती करून बसवतात आणि तो स्वतः ती फोडतो. नंतर कृष्णाची कीचेन सापडते, तो ती आठवण म्हणून ठेवायला जातो, तेवढ्यात आवाज येतो आणि तो ती फेकून देतो. म्हणजे देव भेटल्यावरही तो वस्तूला चिकटत नाही. तो बाबांच्या जवळचाच आहे की.

दोन, 'दृश्यम'. घरात झालेला खून लपवायला विजय साळगावकर बायकोपोरींना घेऊन पणजीला सत्संगाला गेलो होतो असं सगळ्या गावाकडून वदवून घेतो. २ ऑक्टोबर. गांधी जयंतीचा दिवस आणि स्वामीजींचा सत्संग, खोट्यासाठी याहून भक्कम साक्ष मिळणार नाही. आम्ही थिएटरात टाळ्या वाजवल्या होत्या. आता हा धागा वाचल्यापासून विचार करतोय की आपण नक्की कशाला टाळ्या वाजवल्या. बाप म्हणून तो बरोबर वाटतो. पण ज्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवून पोलिसांना सांगितलं, त्या कंडक्टरचं, हॉटेलवाल्याचं काय?

---

चांगभलं (रविवार, सायंकाळी ६.४५)

रंकाळा, कंडक्टरचा मुद्दा एकदम बरोबर. त्यांच्याकडं कुणी बघत न्हाई.

पण आता माझं शेवटचं अस्त्र काढतो. 'गाइड', १९६५. राजू काय देवभक्त हाय? प्रेयसी रोझीच्या नावाची खोटी सही करून तुरुंगात गेलेला माणूस. सुटल्यावर एका देवळात झोपतो, कुणीतरी अंगावर शाल टाकतं, आणि गाव त्याला स्वामी समजतं. सुरुवातीला त्याला बरंच वाटतं, बसल्या जागी जेवण मिळतंय. मग दुष्काळ पडतो आणि लोकांना वाटतं स्वामी उपास करतील, पाऊस आणतील. तो सांगूनही बघतो, मी साधू न्हाई, मी तुरुंगात होतो. लोक ऐकून घेतात आणि तरी विश्वास ठेवतात. तिथं तो अडकतो. बारा दिवस. स्वतः देव न मानणाऱ्या माणसाला दुसऱ्यांच्या श्रद्धेनं खरं केलं.

ताई, बाबांचं तसंच न्हाई का? देवी त्यांची न्हवती, पण त्या बायकांची श्रद्धा त्यांनी डब्यात जपली. त्यांनी नाणी मोजली ती देवीसाठी न्हाई, त्या बायकांसाठी. मग श्रद्धा आणि नीट वागणं एकमेकांच्या विरोधात कुठं राहिलं? त्या डब्यात दोन्ही होतं.

---

दसरा चौक (रविवार, रात्री ८.१०)

चांगभलं, 'गाइड'बद्दल हरकत नाही. पण राजूला मरावं लागलं, हे विसरू नका. गावाची श्रद्धा खरी ठरायला एक माणूस उपाशी गेला. पाऊस पडला म्हणून आपण ते पवित्र मानतो. न पडता तर?

---

पन्हाळ्याचा पाऊस (रविवार, रात्री ८.३२)

दसरा चौक सर, न पडता तर तो आणखी मोठा सिनेमा झाला असता. पण चालला नसता.

---

तिकटीकर (मंगळवार, रात्री ११.५०)

दोन दिवस लिहिता आलं नाही, कारण काल रात्री आईला 'सत्यकाम' दाखवला.

रंजना कागद फाडते तिथं आई म्हणाली, थांबव जरा. मी थांबवला. बराच वेळ गप्प होती. मग सांगायला लागली. त्या वर्षी दादा तापानं फणफणला होता. पगाराला चार दिवस अवकाश होता. बाबा झोपल्यावर तिनं डब्यातून अडीच रुपये काढले, सकाळी औषध आणलं. दादा बरा झाल्यावर पहिल्या शुक्रवारी उसने घेऊन अडीच रुपये अंबाबाईच्या पेटीत टाकले, म्हणजे देवीचं देवीला गेलं. पन्नास वर्षं हे कुणाला बोलली नाही. बाबांना तर नाहीच. ती म्हणाली, त्यांना कळलं असतं तर माझ्याशी बोलले नसते.

मी उठून वही आणली. 'भर २-५०'. ते पान दाखवलं.

तिनं चष्मा लावला नाही, बोट त्या ओळीवर ठेवलं. म्हणजे बाबांनी सकाळी मोजले होते, कमी भरले होते, आणि तिला एक शब्द न विचारता खिशातले घालून डबा पुरा करून दिला होता. आणि पुढच्या शुक्रवारी नेहमीसारखे तिची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसले होते. ती आत पेटीत पैसे टाकत होती, तेव्हा ते बाहेरच होते.

सिनेमा पुढं लावलाच नाही. आई वही घेऊन झोपलीय.

---

चांगभलं (बुधवार, सकाळी ६.२०)

ताई, काय लिहू. आज दुपारच्याला डोंगरावर जाणार आहे, बाबांच्या नावानं नारळ ठेवतो. त्यांना चालणार नाही हे माहीत आहे. तुम्हाला चालेल का?

---

तिकटीकर (बुधवार, सकाळी ७.०५)

ठेवा. आईला सांगते.

---

गुजरीतला काटा (बुधवार, सकाळी १०.४०)

ताई, त्या काळातली शाई उडते. आमच्या आजोबांच्या वहीची पानं कोरी पडली. आजच सगळ्या वहीचा झेरॉक्स काढून ठेवा, आणि मूळ वहीला ऊन लागू देऊ नका.